गणपतीत सोसायटीचं रक्तदान शिबिर: नोटिशीत दात्यांना नेमकं काय सांगावं?

कार्यवाह_बी_विंग

नमस्कार मंडळी. सोसायटीच्या गणपतीत पाचव्या दिवशी, रविवारी, रक्तदान शिबिर घ्यायचं ठरलंय. वेळ सकाळी ९ ते दुपारी २, शंभरेक दाते येतील असा अंदाज. रक्तकेंद्राकडून आलेल्या कागदावर 'वय १८ ते ६५, वजन ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५' एवढंच आहे. तेवढं बोर्डावर लावलं आणि व्हॉट्सॲपवर प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. बीपीची गोळी चालू आहे, चालेल का? थायरॉईड? जुलैत डेंग्यू झाला होता. हातावर टॅटू आहे. सकाळी रक्त दिलं तर संध्याकाळी ढोल वाजवता येईल का? (इथली आठ-दहा पोरं पथकात आहेत.)

रांगेत तासभर उभं राहून टेबलापाशी 'तुमचं चालणार नाही' ऐकून परत गेलेला माणूस पुढच्या वर्षी फिरकत नाही. म्हणून नोटीस नव्याने लिहायची आहे. कोणी यायचं, कोणी थांबायचं आणि येताना काय करून यायचं, हे घरबसल्या कळलं पाहिजे. जाणकारांनी सांगावं.

शीतसाखळी

रक्तकेंद्रातलं तांत्रिक काम बघते, त्यामुळे टेबलाच्या अलीकडच्या बाजूचं सांगते.

आधी त्या कागदावर काय राहिलंय ते. ४५ किलो ही ३५० मिलीच्या पिशवीची अट. ४५० मिलीच्या पिशवीसाठी ५५ किलोच्या वर वजन लागतं. किलोमागे साधारण ८ मिलीच्या पुढे एका वेळी काढायचं नाही, असा तो हिशेब आहे. वयाची वरची मर्यादा ६५ खरी, पण पहिल्यांदाच देणारा ६० च्या पुढचा नको. दोन रक्तदानांत पुरुषांना ९० दिवस आणि स्त्रियांना १२० दिवस अंतर हवं. 'तीन महिने' असं मोघम लिहू नका, लोक तारखेवर वाद घालतात. बीपी वरचा १०० ते १४०, खालचा ६० ते ९०. नाडी ६० ते १००.

आता येताना काय करून यायचं. उपाशी येणारा दाता हा शिबिरातला सगळ्यात मोठा ताप. 'रक्त द्यायचंय म्हणून काही खाल्लं नाही' असं सांगणारे प्रत्येक शिबिरात भेटतात. त्यांच्या डोक्यात साखरेची तपासणी असते. इथे उलटं आहे. गेल्या चार तासांत व्यवस्थित खाल्लेलं हवं आणि उपास चालू असेल तर त्या दिवशी द्यायचंच नाही. खायचं म्हणजे पोहे, उपमा, पोळी-भाजी, केळं. वडापाव, तर्रीची मिसळ किंवा तुपाची धार सोडलेले मोदक नकोत. फार तेलातुपाचं खाऊन आलेल्याच्या रक्तातला प्लाझ्मा ताकासारखा पांढुरका होतो. काही तपासण्या त्यात नीट वाचता येत नाहीत आणि तो प्लाझ्मा बहुतेक वेळा टाकूनच द्यावा लागतो.

सुई टोचण्याआधी वीसेक मिनिटं दोन मोठे ग्लास, म्हणजे अर्धा लिटर, पाणी प्यायचं. नुसत्या पाण्याने चक्कर येण्याचं प्रमाण कमी होतं. मंडपाच्या तोंडाशी पाण्याचा जार ठेवा आणि नोंदणीच्या टेबलावरच्या पोराला 'आधी पाणी' म्हणायला सांगा.

झोप झालेली हवी. गणपतीत हे अवघड आहे, आदल्या रात्री मखर किंवा पत्ते यांत दोन वाजलेले असतात. रात्रपाळी करून थेट आलेल्यांनाही परत पाठवतात. दारू आदल्या रात्रीपासून बंद, आणि दिल्यानंतरही दिवसभर नाही.

शर्टाची बाही कोपराच्या वर सहज जाईल अशी असावी. घट्ट गुंडाळलेली बाही दंडावर दुसऱ्या पट्ट्याचं काम करते, रक्त सावकाश येतं, आणि पिशवी भरायला १२-१५ मिनिटांच्या वर गेली की त्यातून प्लेटलेट बनवत नाहीत, कारण गोठण्याची प्रक्रिया आत सुरू झालेली असू शकते. ३५० मिलीच्या पिशवीत रक्त गोठू नये म्हणून ४९ मिली द्रावण आधीच भरलेलं असतं. पिशवी झुलती राहते ती रक्त त्यात मिसळावं म्हणून. अर्धवट भरलेली पिशवी का चालत नाही, याचंही उत्तर त्या ४९ मिलीत आहे: रक्त कमी, द्रावण तेवढंच, प्रमाण बिघडलं.

प्लाझ्मा_पुराण

औषधं आणि आजारांचं मी घेतो. शेवटचा निर्णय शिबिरातल्या वैद्यकीय अधिकाऱ्याचा. तरी नव्वद टक्के प्रश्न घरीच सुटतात.

बीपीची गोळी चालू असेल आणि त्या दिवशी बीपी मर्यादेत असेल तर साधारणपणे घेतात. अट एवढीच की गेल्या महिन्याभरात गोळी किंवा तिचा डोस बदललेला नसावा. मधुमेहाचंही तसंच: पथ्यावर किंवा गोळ्यांवर साखर आटोक्यात, डोसात चार आठवड्यांत बदल नाही, पायाच्या नसांचा किंवा रक्तवाहिन्यांचा त्रास नाही, तर चालतं. इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र यायचं नाही, कायमचंच. थायरॉईडची गोळी घेऊन रिपोर्ट नॉर्मल असेल तर हरकत नाही. थायरॉईड वाढलेला असेल किंवा तपासण्या चालू असतील तर थांबा.

पावसाळी आजारांनी सप्टेंबरात सगळ्यात जास्त लोक परत जातात, तेव्हा हे ठळक अक्षरात लिहा. डेंग्यू किंवा चिकुनगुनिया पूर्ण बरा झाल्यापासून ६ महिने नाही. तुमचे जुलैवाले म्हणजे यंदा गेले. मलेरियाला ३ महिने, टायफॉइडला १२ महिने. साधी सर्दी, खोकला, ताप असेल तर सगळी लक्षणं जाईपर्यंत. कावीळ कसली होती ते महत्त्वाचं: ए किंवा ई प्रकारची, म्हणजे पाण्यातून होणारी, असेल तर १२ महिन्यांनी चालतं, बी, सी किंवा 'कसली ते माहीत नाही' असं असेल तर कधीच नाही. क्षयरोग बरा झाल्याचं निश्चित झाल्यापासून २ वर्षं.

टॅटू, कान-नाक टोचणं यांना १२ महिने. दात काढला असेल तर ६ महिने, छोटी शस्त्रक्रिया ६, मोठी १२, स्वतःला रक्त चढवलं असेल तर १२. धनुर्वाताचं नेहमीचं इंजेक्शन घेतलं तर १४ दिवस. कुत्रं चावून रेबीजची लस घेतली असेल तर १ वर्ष. सोसायटीच्या गेटवरची कुत्री बघता ही ओळ गाळू नका.

गोळ्या लपवू नका. ॲस्पिरिन घेतलेल्याचं रक्त घेता येतं, पण त्या पिशवीतून प्लेटलेट बनवायच्या नसतात, कारण त्या चिकटत नाहीत. गेल्या तीन दिवसांत घेतली असेल तर सांगायचं. तरुण मुलांना दोन गोळ्यांबद्दल मुद्दाम विचारा: मुरमांवरची आयसोट्रेटिनॉइन आणि केसगळतीवरची फिनास्टेराइड. दोन्ही बंद करून महिना झालेला हवा. देणाऱ्याला काही होत नाही. पण ते रक्त गर्भवतीला चढलं तर गर्भात व्यंग निर्माण होऊ शकतं. बहुतेकांना हे 'औषध' वाटतच नाही, त्यामुळे फॉर्मवर लिहीत नाहीत.

स्त्रियांसाठी: बाळंतपणानंतर १२ महिने, गर्भपातानंतर ६ महिने आणि अंगावर पाजत असेपर्यंत नाही. पाळीच्या दिवसांतही थांबायचं. याचा विटाळाशी काही संबंध नाही, एकदा स्पष्टच लिहून टाका, नाहीतर गणपतीच्या मंडपात त्याचा भलताच अर्थ निघतो.

कट्टा_सभासद

माहिती छान, पण गर्दी जमवायची तर फायदे लिहा की! दर तीन महिन्यांनी जुनं रक्त निघून जातं, बीपी उतरतो, कोलेस्ट्रॉल कमी होतं. शिवाय एचआयव्ही, कावीळ, सगळ्या तपासण्या फुकटात. 'मोफत संपूर्ण तपासणी' असं मोठ्या अक्षरात टाका.

प्लाझ्मा_पुराण

@कट्टा_सभासद, ही ओळ नोटिशीत अजिबात नको. थोडं रागावून लिहितोय, पण कारण ऐका.

प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया या पाचांसाठी तपासणी होते, खरं आहे. पण संसर्ग झाल्यापासून तो तपासणीत दिसेपर्यंत मध्ये काही दिवस कोरे जातात. एचआयव्हीच्या एलायझा तपासणीला साधारण २ ते ३ आठवडे लागतात, नॅट (विषाणूचा जनुकीय अंश थेट शोधणारी तपासणी) केली तर दहाएक दिवस, आणि नॅट आपल्याकडे सक्तीची नाही. हिपॅटायटिसला कोरे दिवस त्याहून जास्त. ज्याला स्वतःबद्दल शंका आहे तो नेमका याच दिवसांत 'फुकट तपासणी'ला येतो. रिपोर्ट निगेटिव्ह, पिशवी चांगली ठरते, आणि चढते एखाद्या थॅलेसेमियाच्या मुलाला, ज्याला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतं.

शंका असेल त्याने सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात जावं. तपासणी मोफत, नाव गुप्त, आधी-नंतर समुपदेशन. फोनवर विचारायचं तर १०९७. नोटिशीत हा आकडा टाकलात तर दहा फायद्यांपेक्षा मोठं काम होईल.

आणि भिडेखातर रक्त दिलेल्याला मागाहून वाटलं की आपण फॉर्मवर खरं लिहिलं नाही, किंवा दोन दिवसांत ताप आला, तर पिशवीचा क्रमांक सांगून केंद्राला फोन करायचा. पिशवी बाजूला काढतात, कारण कोणी सांगत बसत नाही. सोसायटीच्या शिबिरात शेजारीपाजारी बघत असतात, म्हणून प्रश्न विचारण्याचं टेबल आडोशाला ठेवा. रांगेच्या तोंडावर ठेवलंत तर खरं उत्तर कोणीच देणार नाही.

बीपी, कोलेस्ट्रॉलचं म्हणाल तर ते रक्तदानाने बरं होत नाही. गोळ्या सोडून रक्तदान करणारे महाभाग तयार करू नका.

हळीवलाडू

हिमोग्लोबिनबद्दल. स्त्रिया मोठ्या संख्येने परत जातात आणि त्यांना तो अपमान वाटतो. देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आलं आहे, तेव्हा १२.५ ला अडकणं अगदी सर्रास आहे. आहारावर काम करते म्हणून थोडा हिशेब मांडते.

हिमोग्लोबिन १३ असलेल्या व्यक्तीने ३५० मिली रक्त दिलं तर साधारण ४५ ग्रॅम हिमोग्लोबिन जातं आणि ग्रॅमला ३.४ मिलिग्रॅम या दराने दीडशे मिलिग्रॅमच्या आसपास लोह. अन्नातून शरीर दिवसाला जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम लोह शोषतं, त्यातलं रोजच्या झिजेत आणि पाळीत जातं ते वेगळंच. पाणी दोन दिवसांत भरून निघतं, तांबड्या पेशी महिना-दीड महिन्यात. लोहाचा साठा मात्र सगळ्यात शेवटी. स्त्रियांना १२० दिवस का, ते यावरून कळेल.

आदल्या आठवड्यात बीट खाऊन काही होत नाही. बिटाचा रंग लाल आहे, लोह बेताचंच. हळीव, काळे तीळ, राजगिऱ्याची पालेभाजी, मटकी-चवळी यांत ते बऱ्यापैकी असतं. सोबत लिंबू किंवा आवळा असेल तर चांगलं शोषलं जातं. जेवणावर लगेच चहा प्यायलात तर बरंचसं वाया. हे सगळं दोन-तीन महिने चालवायचं काम आहे. ११ च्या खाली असेल तर लाडवांवर विसंबू नका, डॉक्टरांकडून लोहाच्या गोळ्या आणि कारणाचा शोध, दोन्ही हवं.

एक शंका शीतसाखळींना: लॅबचा रिपोर्ट १२.८ आणि शिबिरात 'कमी आहे', असं का होतं?

शीतसाखळी

@हळीवलाडू ताई, शिबिरात बऱ्याचदा मोरचुदाच्या निळ्या द्रावणात थेंब टाकून बघतात. त्या द्रावणाचं विशिष्ट गुरुत्व १.०५३ असतं, म्हणजे १२.५ ला जुळणारं. सेंटिमीटरभर उंचीवरून थेंब सोडायचा. १५ सेकंदांत तळाशी गेला तर पास, तरंगला तर नाही. आकडा त्यात कळतच नाही, फक्त हो की नाही.

चुका होतात त्या बोटापाशी. थेंब येईना म्हणून बोट पिळलं की रक्ताबरोबर ऊतींमधलं पाणी येतं, थेंब हलका होतो. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तरी थेंब तरंगतो. ३० मिली द्रावणात पंचवीसेक थेंब पडले की ते बदलायला हवं. तळ तपकिरी झालेली बाटली दिसली तर बदलायला सांगायला लाजू नका. थेंब तरंगला तर दुसऱ्या बोटातून, न पिळता, पुन्हा करून घ्या किंवा हिमोग्लोबिनच्या मशीनवर आकडा बघायला सांगा. शिवाय लॅबचा नमुना शिरेतला आणि हा बोटातला, त्यामुळे अर्ध्या ग्रॅमचा फरक दोन्ही बरोबर असूनही पडू शकतो.

तिथे स्लाइडवर सांगतात तो रक्तगट हा कच्चा. पक्का गट केंद्रात उलट तपासणी करून, म्हणजे दात्याचा सीरम माहीत गटाच्या पेशींशी मिसळून बघून, ठरतो. आपल्या मुंबईनेच हे शिकवलं: डॉ. भेंडे यांनी १९५२ मध्ये जो 'बॉम्बे' गट नोंदवला, तो स्लाइडवर हुबेहूब ओ दिसतो आणि उलट तपासणीत ओच्या पेशींनाही गुठळ्या करतो. तसंच स्लाइडवर निगेटिव्ह दिसलेला एखादा दाता केंद्रात 'कमकुवत डी' (आरएच घटक असलेला, पण क्षीण) निघाला तर पिशवीवर पॉझिटिव्हच लागतं. 'कार्ड चुकलं' म्हणून भांडायला येतात त्यातले काही हे.

टोल_पडला

पथकातला आहे. तासभर बसलो, सरबत प्यायलो, ठणठणीत वाटतंय, तर संध्याकाळी सहाला मिरवणुकीत ढोल बांधायला काय हरकत आहे? हाताला सुई लागलीय, कमरेला नाही.

प्लाझ्मा_पुराण

@टोल_पडला, हरकत दोन्हीकडे आहे. नियमच आहे की अंगमेहनतीचं काम, लांबचं ड्रायव्हिंग, उंचावरचं किंवा तातडीच्या सेवेतलं काम असेल तर पुढच्या पाळीआधी २४ तास मोकळे हवेत. ढोल त्यात सहज बसतो.

ठणठणीत वाटतं तिथेच घोटाळा आहे. ३५० मिली द्रव गेलेलं असतं, रक्तवाहिन्या आकसून शरीर तेवढ्यापुरतं भागवतं. मग गर्दीत, घामात, कमरेला पट्टा आवळून तासभर उभं राहिलं की रक्त पायात साठतं, नाडी वाढायच्या ऐवजी एकदम मंदावते आणि माणूस ढोलासकट पुढे जातो. ही उशिरा येणारी चक्कर टेबलावरच्या चकरेपेक्षा वाईट, कारण ती जिन्यात, बाथरूममध्ये किंवा दुचाकीवर गाठते. शिवाय टिपरू मारताना कोपराला बसणारे झटके! टोचलेलं भोक वरून बंद दिसतं, आत शिरेवरची खपली ताजीच असते. ती निसटली की रात्रीपर्यंत कोपर काळंनिळं.

चक्कर येण्याआधी खुणा दिसतात: जांभया, ओठ पांढरे पडणं, कपाळावर गार घाम, मळमळ. पहिल्यांदा देणारे, विशीतले, कमी वजनाचे यांच्यात जास्त. दिसलं की सुई काढायची, आडवं करून पाय वर, पट्टा-कॉलर सैल. तोंडावर पाणी मारणं, कांदा हुंगवणं, गर्दी करून 'काय झालं' विचारणं नको. अर्धवट शुद्धीत पाणी पाजू नका, ठसका लागतो. ज्यांना आधी कधी चक्कर आलीय त्यांनी टेबलावर असतानाच पायावर पाय टाकून मांड्या आणि पोटऱ्या पाच सेकंद आवळायच्या, सोडायच्या, पुन्हा आवळायच्या. साधं आहे, उपयोगी आहे.

शीतसाखळी

कोपराबद्दल एक: सुई काढल्यावर सगळे सवयीने हात दुमडून बसतात. तसं करू नका. दुमडल्याने कापूस भोकावर दाबला जात नाही, घडीत बाजूला सरकतो आणि हात उघडला की आतल्या आत रक्त पसरतं. हात सरळ, कापसावर दुसऱ्या हाताची दोन बोटं, तीन ते पाच मिनिटं घट्ट दाब. पट्टी चार-सहा तास ठेवायची. त्या हाताने दिवसभर सिलिंडर, बादली उचलायची नाही. काळंनिळं झालंच तर पहिल्या दिवशी बर्फ, दुसऱ्या दिवसापासून कोमट शेक. आठ-दहा दिवसांत हिरवं-पिवळं होत जातं. सुई जाताना विजेसारखी कळ बोटांपर्यंत गेली तर लगेच सांगायचं, ते सहन करायचं दुखणं नव्हे. सुई मज्जातंतूला लागलेली असू शकते, काढावीच लागते.

दिल्यावर टेबलावर पाच-दहा मिनिटं, मग खुर्चीवर निदान पंधरा मिनिटं. अल्पोपाहाराचं टेबल बाहेर पडायच्या वाटेच्या विरुद्ध बाजूला लावा, म्हणजे लोक बिस्किटाचा पुडा हातात घेऊन सटकत नाहीत.

मुदतवाला

सगळं वाचलं. रक्तसाठ्याचं नियोजन करतो, म्हणून तारखेकडे बघून एक वेगळाच मुद्दा.

गणपतीच्या दहा दिवसांत शहरात मांडवामांडवांत शिबिरं असतात. आता मुदती बघा. प्लेटलेट ५ दिवस. तांबड्या पेशी साध्या द्रावणात ३५ दिवस, वाढीव द्रावणाच्या पिशवीत ४२ दिवस. प्लाझ्मा उणे ३० अंशांवर वर्षभर टिकतो, त्याची चिंता नाही. तुमच्या पाचव्या दिवसापासून, म्हणजे भाद्रपद शुद्ध अष्टमीच्या सुमारापासून, लक्ष्मीपूजनापर्यंत जवळजवळ ५१ दिवस होतात (मध्ये अधिक आश्विन आला तर गोष्ट वेगळी). म्हणजे तुम्ही दिलेलं रक्त दिवाळीआधीच वापरलेलं किंवा मुदतबाह्य झालेलं असणार. आणि देणारे? त्यांचे ९० दिवस दिवाळीनंतर पाच-सहा आठवड्यांनी भरतात. दिवाळीत कॉलेजं बंद, ऑफिसं बंद, लोक गावी, आणि ज्यांना बोलवावं ते सगळे नुकतेच देऊन बसलेले. दिवाळीतला तुटवडा काही प्रमाणात आपणच गणपतीत पेरतो. मे महिन्याचंही थोडंफार असंच.

शंभर लोकांना एकाच रविवारी झोपवू नका. पन्नास आता. उरलेल्या पन्नासांची गटासकट यादी करा आणि वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत रोज सात-आठ जण थेट केंद्रात पाठवा. निगेटिव्ह गटवाल्यांना तर शिबिरात घेऊच नका, त्यांचा फोन नंबर केंद्राकडे असू द्या. बोलावतील तेव्हा जावं. प्लेटलेट मशीनवर (फक्त प्लेटलेट काढून बाकीचं रक्त परत देणाऱ्या) द्यायची तयारी असलेल्यांनाही वेगळं काढा. आता पिशवी दिली तर २८ दिवस त्यांना त्यासाठी घेता येत नाही. मशीनवर तासभर ते दीड तास लागतो, वजन ५० किलो हवं, रक्त गोठू न देणाऱ्या द्रावणामुळे ओठांभोवती मुंग्या आल्या तर सांगायचं, कॅल्शियमची गोळी देतात. तांबड्या पेशी परत मिळत असल्याने ४८ तासांनी पुन्हा देता येतं, आठवड्यात दोनदा आणि वर्षात २४ वेळा ही मर्यादा.

नियमावलीतही ५० ते ७० दात्यांना साधारण ३ तास आणि १०० ते १२० दात्यांना ५ तास धरलेत. त्यासाठी ६ ते ८ टेबलं, एक डॉक्टर आणि सुई लावणारे दोघे. तुमच्याकडे किती माणसं येणार ते आत्ताच विचारा. माणसं कमी आणि दाते जास्त झाले की पहिला बळी जातो तो प्रश्न विचारण्याचा.

कट्टा_सभासद

फुकट दिलेल्या रक्ताचे पेशंटकडून पैसे का घेतात, हाही प्रश्न येणारच. आणि मंडळ दात्यांना ट्रॉलीबॅग देणार आहे, ते ठीक ना?

मुदतवाला

रक्ताची किंमत घेता येत नाही. पैसे देऊन रक्तदान १ जानेवारी १९९८ पासून बंद आहे. जे घेतात ते पिशवी, तपासण्या, घटक वेगळे करणं आणि साठवण यांचं प्रक्रिया शुल्क. २०२२ च्या सुधारित दरांप्रमाणे तांबड्या पेशींच्या पिशवीला सरकारी केंद्रात कमाल ११०० आणि इतरत्र १५५० रुपये, प्लाझ्मा आणि प्लेटलेटला ३०० आणि ४००. नॅटसारख्या जादा तपासण्यांचे वेगळे. थॅलेसेमिया, सिकलसेल, हिमोफिलियाच्या रुग्णांकडून घेत नाहीत. दात्याच्या कार्डावर सवलत मिळणार का, किती दिवस, फक्त त्याच केंद्रात का, हे केंद्राकडून लेखी घ्या. शिबिर संपल्यावर तोंडी आश्वासनं कोणी ओळखत नाही.

ट्रॉलीबॅग नको. बॅगेसाठी माणूस डेंग्यू विसरतो.

कार्यवाह_बी_विंग

सगळ्यांचे आभार. दिवाळीचा हिशेब समितीत वाचून दाखवला, दोन मिनिटं कोणी बोललं नाही. ठरलं असं: रविवारी ए आणि बी विंगचे मिळून ५५ दाते, ९ ते १२, म्हणजे दुपारच्या आरतीआधी आटोपेल. सी आणि डी विंगची दिवाळीची यादी. ढोलवाले दिवाळीच्या यादीत. ट्रॉलीबॅग रद्द, त्यावर जरा वादावादी झाली. नोटिशीचा मसुदा:

'आदल्या रात्री झोप, सकाळी पोटभर नाश्ता (वडापाव नको), मंडपात आल्यावर दोन ग्लास पाणी. सहा महिन्यांत डेंग्यू-चिकुनगुनिया, वर्षभरात टायफॉइड, टॅटू, कान टोचणं, रेबीजची लस. सहा महिन्यांत दात काढणं. इन्सुलिन चालू: यंदा येऊ नका. बीपी, साखर, थायरॉईडच्या गोळ्यांचा कागद सोबत आणा. मुरमांच्या आणि केसांच्या गोळ्यांबद्दल सांगा. फॉर्मवर खरं लिहा, तो फक्त डॉक्टर वाचतील. स्वतःची तपासणी करून घ्यायची असेल तर १०९७. दिल्यावर पंधरा मिनिटं बसा. २४ तास ढोल, जिम, लांबचा प्रवास नाही.'

काही राहिलं का?

शीतसाखळी

'मलेरिया ३ महिने' राहिलं. आणि इन्सुलिन 'यंदा' नव्हे, कायमचं. तो शब्द वेगळा काढा.

दुसरं, पंचांग बघा. गौरीपूजन ज्येष्ठा नक्षत्रावर ठरतं, ते तुमच्या रविवारीच येऊ शकतं. आलं तर घरातल्या बायका पहाटेपासून ओट्यापाशी उभ्या आणि नैवेद्य होईपर्यंत उपाशी. अशा दिवशी त्यांना रक्तदानाला बोलवू नका. तारीख हलवा, नाहीतर त्यांची नावं दिवाळीच्या यादीत घ्या.

पेनं डझनभर ठेवा. फॉर्म दोन्ही बाजूंनी असतो आणि मागची बाजू बहुतेक जण कोरीच सोडतात, तेव्हा टेबलावरच्या पोराला फॉर्म उलटून बघायला सांगा.